हेरल्ड आणि तिची चपळ भावंडे

तिबेटात झोबो म्हणून एक जनावर असते. याक आणि गाय यांच्या संकरातून निपजलेले. ओझे वाहावे, चढ चढावा, मिळेल ते खावे आणि कुरकुर करू नये, असा त्याचा लौकिक. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरी स्टँडर्ड-ट्रायम्फ नावाचा मोटारींचा कारखाना होता. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने मध्यम ऐपतीच्या कुटुंबासाठी एका नव्या गाडीची आखणी सुरू केली आणि ती गुपित राहावी म्हणून तिला सांकेतिक नाव दिले, ते हेच, 'झोबो'. पुढे १९५९ च्या एप्रिलात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिचे थाटामाटाने बारसे झाले आणि झोबोची 'ट्रायम्फ हेरल्ड' झाली. दोन वर्षांनी ती मद्रासमार्गे आपल्याकडे आली, ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून. आमच्या भोर-वेल्ह्याकडे मात्र ती कायम 'हेरल'च राहिली. शेवटचा 'ड' उच्चारण्याचे कष्ट मावळात कोणी घेतले नाहीत.

अँबॅसिडर आणि फियाट यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एक पुढाऱ्यांची, दुसरी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची. त्यांच्या आठवणी काढायला माणसे तयारच असतात. हेरल्ड ही त्यांच्या जोडीची तिसरी, आणि तीन लेकरांच्या घरात एकाची जशी थोडी आबाळ होते तशी हिची झाली. पण मला आज तिची कैफियत मांडायची नाही. मला सांगायचे आहे ते तिच्या भावंडांविषयी. ज्या सांगाड्यावर ही साधीसुधी, संसारी गाडी उभी होती त्याच सांगाड्यावर इंग्लंडात शर्यतीत पळणाऱ्या, छप्पर उघडून वारा खाणाऱ्या देखण्या गाड्या निघाल्या. आपल्याकडे त्याच सांगाड्यावर काय निघाले आणि का निघाले, ही त्यातली खरी मौजेची गोष्ट.

मुळात हा सांगाडा आला तोच नाइलाजाने. त्या काळापर्यंत छोट्या गाड्या बांधण्याची रीत पालटली होती. पूर्वी बैलगाडीसारखे असे: खाली दणकट साटा आणि वर बसण्याची सोय. मिस्त्री लोक ज्याला चासी म्हणतात तो हा साटा. नव्या पद्धतीत चासी आणि वरचे शरीर हे वेगळे राहिलेच नाहीत. पत्र्याची एकच पेटी, अंड्याच्या कवचासारखी, स्वतःच स्वतःला तोलणारी. आपली अँबॅसिडर अशी, फियाटही अशीच. स्टँडर्ड-ट्रायम्फला असेच काही करायचे होते. पण असली पेटी एकसंध ठोकून द्यायला प्रचंड दाबयंत्रे लागतात, आणि त्यांचे हे काम करणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली बी.एम.सी. या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली होती. नव्या गाडीची शरीरे करून द्यायला आता ती तयार होईना. ही बी.एम.सी. म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस यांची एकत्र झालेली पेढी. म्हणजे ज्या मॉरिस ऑक्सफर्डची पुढे आपली अँबॅसिडर झाली तिचे माहेर. हेरल्ड आणि अँबॅसिडर यांचे वैर असे हिंदुस्थानात येण्यापूर्वीचे आहे.

मोठा कारागीर मिळेना, तेव्हा स्टँडर्ड-ट्रायम्फने लहान लहान कारागिरांकडून तुकडे करून घेण्याचे ठरवले. पुढचा भाग एकीकडे, मागचा दुसरीकडे, छप्पर तिसरीकडे. आता तुकड्यांची गाडी स्वतःला तोलू शकत नाही. तेव्हा खाली जुन्या रीतीची चासी आली आणि तिच्यावर हे सगळे तुकडे बोल्टांनी आवळले गेले. लंडनच्या त्या समारंभात रंगमंचावर सुटे भाग आणून प्रेक्षकांदेखत काही मिनिटांत गाडी जोडून दाखवली होती. अडचणीचा असा तमाशा करून दाखवायलाही एक हिंमत लागते.

शरीराला रूप देण्याचे काम हॅरी वेब्स्टर या मुख्य इंजिनियराने तुरीनच्या जोव्हानी मिकेलॉत्ती या इटालियन कलावंताला दिले. इंग्रजांच्या गाड्या त्या वेळी फुगलेल्या पावासारख्या गोलमटोल असत. मिकेलॉत्तीने धारदार कडा, उभे शेपटीचे पंख आणि पातळ छप्पर असे काहीतरी कागदावर उमटवले. गंमत अशी की, तुरीनहून १९५७ च्या अखेरीस जो पहिला नमुना कॉव्हेंट्रीला आला तो कुटुंबाच्या गाडीचा नव्हताच. तो काळ्या रंगाचा, बसक्या छपराचा, दोघांनी बसून उधळावे असा 'कूपे' होता. थोरलीच्या आधी धाकटी जन्मावी असला हा प्रकार. म्हणजे हेरल्डच्या रक्तात खोडकरपणा पहिल्यापासून होता. संसार नंतर तिच्या गळ्यात पडला.

तिच्या विचित्रपणाच्या गोष्टी सांगायच्या तर दिवाळी अंकाची पाने पुरणार नाहीत. बॉनेट उघडायचे ते पुढच्या बाजूला, आणि उघडायचे म्हणजे पंखांसकट अख्खे तोंडच सुसरीने जबडा वासावा तसे पुढे कलंडायचे. मग मिस्त्रीने पुढच्या टायरवर चौरंगावर बसल्यासारखे बसावे आणि इंजिनाचे काम करावे. चालकाचे आसन ७२ तऱ्हांनी मागेपुढे, वरखाली करता येते अशी जाहिरात होती. मोजून पाहणारा कोणी भेटला नाही. पण तिची खरी करामत म्हणजे तिची पुढची चाके. ती इतकी वळायची की २५ फुटांच्या वर्तुळात गाडी गर्रकन फिरून उलट तोंडाला लागे. लंडनची टॅक्सीच तेवढी त्या हिशेबात बसे. पाठ फिरवायला मारुतीच्या देवळापुढचा पार पुरावा, अशी ही गाडी.

एवढे असून पहिल्या दोन वर्षांत तिची तारांबळ उडाली. ९४८ सी.सी.चे जुने इंजिन अंगावर ओझे पडले की धापा टाकी. तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपे, पत्रे खुळखुळत. कारखाना कर्जात बुडाला आणि १९६१ साली लेलँड या ट्रक बनविणाऱ्या कंपनीने तो ताब्यात घेतला. आपल्या एस.टी.च्या गाड्यांवर अशोक लेलँड हे नाव वाचत आपण लहानाचे मोठे झालो, ती मूळची लेलँड हीच.

आता भावंडांच्या जन्माची कथा ऐका. नवे मालक कारखाना पाहत हिंडत होते. त्यांना एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली एक वस्तू दिसली. कापड ओढले तर खाली दोन माणसांची, छप्पर नसलेली, ठेंगणी, लांब नाकाची एक देखणी गाडी. मिकेलॉत्तीनेच रेखाटलेली, 'बॉम्ब' या सांकेतिक नावाची. पैसा संपल्यामुळे धूळ खात पडलेली. लेलँडचा कारभारी स्टॅन्ली मार्कलंड याने हिशेब पाहिला आणि ती बनवायचा हुकूम दिला. १९६२ च्या शरदात लंडनच्या प्रदर्शनात ती लढाईतल्या विमानाचे नाव घेऊन उभी राहिली: 'स्पिटफायर'.

तिच्या अंगरख्याखाली पाहावे तर हेरल्डच. चासी तीच, फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साडेआठ इंचांनी आखूड केलेले. सुसरीच्या जबड्यासारखे बॉनेट तेच, गर्रकन वळणारी चाके तीच. इंजिनही हेरल्डच्याच घराण्यातले, मात्र ११४७ सी.सी.चे आणि दोन कार्बोरेटरांवर चालणारे. त्याची ताकद ६३ अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडे जे ९४८ सी.सी.चे इंजिन चालत होते त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास. पुढच्या चाकांना चकतीचे ब्रेक. ताशी नव्वद मैलांचा वेग ती सहज दाखवी. भांडवल नसलेल्या कारखान्याला एवढ्या स्वस्तात अशी गाडी जमली, कारण वरचे कपडे बदलता येत होते. एकसंध पेटीची गाडी असती तर धाकटीसाठी सगळेच नव्याने ठोकावे लागले असते.

त्याच १९६२ साली दुसरे भावंड आले, 'व्हितेस'. फ्रेंच भाषेत याचा अर्थ वेग. ही मात्र दिसायला अगदी घरंदाज. चार माणसे, मागे सामान, सगळे हेरल्डसारखे. पण तोंडावर तिरके बसवलेले चार दिवे, आणि आत सहा सिलिंडरांचे १५९६ सी.सी.चे इंजिन. शाळामास्तराने सायंकाळी मुलांना घेऊन फिरायला जावे आणि मोकळा रस्ता दिसताच एकाएकी धोतराचा काचा मारून पळत सुटावे, तशी ही. चार वर्षांनी तिला दोन लिटरचे इंजिन मिळाले आणि त्याच वर्षी स्पिटफायरला छप्पर व तेच मोठे इंजिन घालून 'जी.टी. ६' काढली. स्पिटफायर स्वतः फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. १९६४ साली तीन गाड्या गेल्या, एकच शेवटपर्यंत टिकली. १९६५ साली मात्र एकूण गाड्यांत तिचा तेरावा आणि चौदावा क्रमांक लागला, आणि आपल्या लहान इंजिनांच्या वर्गात ती पहिली आली. बाजारहाटाला नेण्यासाठी आखलेल्या सांगाड्याच्या लेकीने एवढे करावे, हे काही थोडे नव्हे.

एक पोहणारे भावंडही होते. जर्मनीत 'अँफिकार' नावाची गाडी निघाली. रस्त्यावर चाके, पाण्यात पंखे. तिच्या पाठीत इंजिन होते ते हेरल्डचे. १९६५ साली तसल्या दोन गाड्यांनी इंग्लिश खाडी ओलांडली. आमच्या भाटघरच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या एस.टी.त बसले की मला हमखास तिची आठवण होते.

पण या घराण्यात एक खोड होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. जुन्या गाड्यांत मागची दोन चाके एकाच जाड लोखंडी आसाने जोडलेली असतात, बैलगाडीसारखी. हेरल्डमध्ये तसे नव्हते. मधला दातेरी डबा चासीला घट्ट बसवलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन अर्धे आस, खांद्याशी हात हलावा तसे डब्याशी हलणारे. वर आडवा एकच पाट्यांचा स्प्रिंग. खड्डा आला की एकच चाक वरखाली होई. बसणाऱ्याला हादरा कमी. हा लाभ. तोटा असा की, चाक हलते तेव्हा सरळ वर जात नाही, कमानीत जाते. मागे ओझे असले म्हणजे चाके खालून फाकतात, माणूस पाय फाकून उभा राहतो तशी. गाडी रिकामी असली म्हणजे ती खालून आत वळतात. आणि भर वेगात वळण घेताना चालकाने घाबरून पाय उचलला, तर गाडीचे बूड उचलले जाते आणि वळणाच्या बाहेरचे चाक अंगाखाली दुमडू पाहते. मग शेपटी पुढे यायला निघते.

बाजारच्या वेगाने चालणाऱ्या थोरलीला याचा उपद्रव क्वचित होई. धाकट्यांना मात्र झाला, कारण वेग हाच त्यांचा धर्म. अमेरिकेत जी.टी. ६ वर या कारणासाठी टीकेची झोड उठली. १९६८ साली तिच्या आणि व्हितेसच्या मागच्या चाकांना खालून आणखी एक भुजा देऊन ती ताळ्यावर आणली; स्पिटफायरचा पाटा १९७० साली मधोमध खिळीवर डोलता केला. थोरली हेरल्ड १९७१ साली बंद होईपर्यंत तशीच राहिली. घरातल्या कर्त्या माणसाच्या दुखण्याकडे जसे कुणाचे लक्ष नसते.

आता मद्रासेकडे वळू. स्वातंत्र्यानंतर लगेचच तिथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली. व्हॅनगार्ड, स्टँडर्ड टेन, पेनंट अशा गाड्या बनवीत ती १९६१ साली हेरल्डवर आली. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झालेली. नुसती जोडणी करणाऱ्या परक्या कंपन्यांनी सरकारी धोरणामुळे गाशा गुंडाळलेला. उरल्या तीन देशी कंपन्या, त्यांच्या तीन गाड्या. अशा वेळी तुकड्यांत मिळणारी, बोल्टांनी जोडायची गाडी मद्रासला फार सोयीची पडली. आज पंख इथे ठोका, उद्या दार, परवा बॉनेट. असे करत करत सगळी गाडी देशी झाली. इंग्लंडात जो नाइलाज होता तो इथे उपयोगी पडला. पण इंजिन? ज्या १९६१ साली इंग्रजांनी आपल्या हेरल्डला ११४७ सी.सी.चे नवे इंजिन बसवले, त्याच साली आपल्याकडे जुने ९४८ सी.सी.चे आले, आणि ते राहिलेच.

स्पिटफायर आणि व्हितेस यांचे नाव कोणी काढले नाही. परवान्यांच्या त्या काळात ज्या देशाला लोखंड आणि परकीय चलन मोजून वापरावे लागत होते, त्याने दोघांच्या उनाडक्यांसाठी गाडी काढावी हे न्यायाला धरून झाले नसते. हे मी मान्य करतो. तरी मन हळहळते. सांगाडा इथे होता, साचे समुद्रापलीकडे होते. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर मोटारशर्यती होत, त्यांत हौशी लोकांनी हेरल्डच पळवल्या. जे होते त्यावर हौस भागवायची, हा आपला जुना रिवाज.

कारखान्याने मात्र उलट दिशा धरली. इंग्रजी हेरल्डला दारे दोनच. मागे बसायचे तर पुढचे आसन मोडून, वाकून, अंग चोरून आत शिरायचे. नऊवारीतल्या आजीबाईंनी, कडेवर नातू घेऊन, हे कसे करावे? पुण्याच्या पेठांतून अशा प्रसंगी काय काय उद्गार निघाले असतील ते वाचकांनीच कल्पावेत. १९६८ साली मद्रासच्या कंपनीने हेरल्डला चार दारे केली. इंग्लंडने कधी केली नव्हती. एकाच सांगाड्यावरून तिकडे मागची बाक काढून टाकली, इकडे तिच्यासाठी आणखी दोन दारे उघडली. दोन समाजांच्या घडणीतला फरक सांगायला मला याहून बोलके उदाहरण सापडलेले नाही.

भोरला एक डॉक्टर होते. त्यांचे नाव लिहिलेले त्यांना रुचले नसते, म्हणून लिहीत नाही. त्यांच्याकडे दोन दारांची, फिकट निळी हेरल्ड होती. पुण्यात कुणाकडून तरी जुनी घेतलेली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या आगेमागे, तालुक्यात जीपगाड्या झाल्या होत्या, पण रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी बोलावणे आले की निघे ती हेरलच. कंपाउंडर म्हणे, "डॉक्टरसाहेब, जीप सांगू का?" डॉक्टर म्हणत, "जीप वळवायला तुझ्या बापाचे शेत लागेल." ते खरेच होते. नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जाताना (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) आतल्या वाड्यांना जे रस्ते फुटत ते बैलगाडीच्या रुंदीचे. गाडी आत जाई, पण परत फिरणार कुठे? हेरल्ड गोठ्यापुढच्या अंगणात फिरे. तोरण्याच्या पायथ्याशी कंदिलाच्या उजेडात ती अशी फिरताना पाहून म्हातारी माणसे टाळ्या वाजवीत.

डॉक्टरांच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या तक्त्याशेजारी, कुठल्याशा विलायती मासिकातून कापलेले एका लाल उघड्या गाडीचे चित्र चिकटवलेले होते. ती स्पिटफायर. मी तिथे टक लावून उभा असलो की ते म्हणत, "बघतोस काय? बाहेर उभी आहे तीच ही. छप्पर काढ, मागची बाक काढ, थोडी आखूड कर, झाली." मुंबईला शिकत असताना त्यांनी ही गाडी मासिकात पाहिली आणि ती मिळणार नाही म्हणून तिची थोरली बहीण केली, असे ते हसत हसत सांगत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, आतून म्हणायच्या, "माझ्याबद्दलही असेच सांगतात लोकांना."

त्यांच्या गाडीच्या डिकीत नेहमी एक तांदळाचे पोते असे. लोक समजत, फी म्हणून कोणी दिले असेल. ते खरेही होते. आमच्याकडे आंबेमोहोर पिकतो आणि सुगीला डॉक्टरांची बाकी त्यातच फिटे. पण ते घरी का उतरवत नाहीत, हे कोडे. मी एकदा धीर करून विचारले. त्यांनी मला गाडीमागे उकिडवे बसवले, पोते काढले आणि म्हणाले, "चाके बघ." चाके खालून आत वळलेली. पोते परत ठेवले. चाके सरळ झाली, जराशी फाकलीसुद्धा. "ही रिकामी असली की हिच्या मनात धाकटीचे विचार येतात," ते म्हणाले. "वरंध्याच्या घाटात ते परवडायचे नाही. आणि लक्षात ठेव, पाय उचलायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर उचललास तर उशीर झाला." मागच्या चाकांच्या खोडीविषयी इंग्लंडातल्या मासिकांनी इतके रकाने भरले, त्याचा सारांश भोरच्या एका डॉक्टराने एका पोत्यात बसवला होता.

एका पावसाळ्यात वरंधा घाटाच्या तोंडाशी, हिरडोशीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत माझ्या दूरच्या आत्याचे बाळंतपण अडले. वडिलांबरोबर मीही गाडीत होतो; चढावर गाडी थांबली तर चाकामागे दगड लावायला पोरगा बरा, म्हणून. पहाटे सुटका झाली. मूल जगले. घरात शिजवायला दाणा नव्हता. ते डॉक्टरांनी चुलीकडे पाहून ओळखले असावे. बाहेर येऊन त्यांनी डिकी उघडली आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, हे आत ठेवा, आणि कुणाला बोलू नका." मग मला म्हणाले, "चल, दगड आण." आम्ही बांधावरचे ओले दगड डिकीत भरले, पोत्याच्या वजनाइतके होईपर्यंत. ते मधूनमधून मागे जाऊन वाकून चाके पाहत. पुरे म्हणाले तेव्हा उजाडले होते. घरी परतेपर्यंत डिकीत दगडांचा खडखडाट चालला होता, आणि डॉक्टर प्रत्येक वळणाच्या आधी पाय उचलीत होते.

मद्रासमध्येही कोणाच्या तरी लक्षात आले असावे की, ही मागची चाके इकडच्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्र्यांना मानवत नाहीत. हेरल्ड थांबली आणि १९७२ साली 'गॅझेल' नावाची तिची देशी उत्तराधिकारी आली, तिला मागे बैलगाडीसारखा अखंड आस होता. खोड गेली. ९४८ सी.सी.चे इंजिन तेवढे राहिले. ती १९७७ च्या सुमारास बंद पडली. पुढे १९८५ साली कंपनीने 'स्टँडर्ड २०००' काढली; वरून रोव्हर कंपनीची डौलदार विलायती गाडी आणि आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले इंजिन. सुटाखाली वहाणा घातल्यासारखे ते ध्यान दोन-तीन वर्षे चालले आणि १९८८ साली मद्रासचा मोटारींचा कारखाना संपला. त्याआधीच, १९८० च्या ऑगस्टात, कॉव्हेंट्रीत शेवटची स्पिटफायर बाहेर पडली होती. अठरा वर्षांत तीन लाखांवर स्पिटफायर झाल्या. बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या.

पण आपल्याकडे स्पिटफायर आलीच नाही असे म्हणणेही पुरते खरे नाही. हेरल्डचे छप्पर बोल्टांनी बसवलेले, आणि भार सगळा चासीवर. अँबॅसिडरचे छप्पर कापाल तर ती मधोमध लचकेल. हेरल्डचे खोलून बाजूला ठेवा, ती हूं की चूं करत नाही. हे ज्या ज्या मिस्त्र्याच्या ध्यानात आले त्याने पान्हा उचलला. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत आजही छप्पर नसलेल्या हेरल्ड दिसतात, कुणी लाल रंगवलेल्या, कुणी काच आडवी केलेल्या.

आमच्या डॉक्टरांची गाडी त्यांच्यामागे सातआठ वर्षे वळचणीला उभी होती. मग त्यांच्या पुतण्याने भोरमधल्या गॅरेजात नेऊन तिचे छप्पर उतरवले, अंगाला लाल रंग दिला. मागची बाक त्याने काढली नाही. तीच तर पाहिजे होती. लग्नसराईत ती आता भोर, नसरापूर, वेल्हे अशी वरातींना जाते. मागे नवरानवरी, त्यांच्या पायाशी करवली, पुढे बँड, आणि गाडी माणसाच्या चालीने पहिल्या गिअरमध्ये. इंजिन तापते म्हणून पुतण्या पाण्याची कळशी जवळ ठेवतो. डिकीत पोत्याच्या जागी लाउडस्पीकरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या असतात. मागची चाके थोडी फाकलेली दिसतात.